नारिंगी गाडीच्या गावाला

युरोपला जाऊन आले म्हटलं की बायकांचे प्रश्न ठरलेले असतात. पॅरिस पाहिलंत का? बर्फात फोटो काढलात का? मी म्हणते, "नाही हो, मी मॅटिगहोफेनला गेले होते." समोरची दोन क्षण गप्प होते आणि विषय आपोआप भाजीच्या भावावर येतो.

मॅटिगहोफेन हे ऑस्ट्रियातलं सात हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. साल्झबुर्गहून आगगाडीत बसायचं, स्टाइनडोर्फला उतरून छोटी गाडी पकडायची आणि मॅटिग नदीच्या काठाकाठानं मक्याच्या शेतांतून जायचं. हीच गाडी पुढे ब्राउनाउला जाते. ब्राउनाउ म्हणजे हिटलरचं जन्मगाव. माझी धाकटी म्हणाली, "आई, आपल्याला तिथवर जायचंच नाही, अलीकडेच उतरायचंय." हे २०२४ च्या जुलैतलं. पुण्यात पावसानं झोड उठवली होती आणि इथे रात्री नऊलाही ऊन.

धाकटी चाकणला एका कारखान्यात इंजिनियर आहे. मोटरसायकलींचे सुटे भाग करतात तिथे. त्यांनी तिला सहा महिन्यांसाठी इकडे पाठवलं होतं. मी मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दोन बाटल्या लिंबाचं लोणचं घेऊन पोचले. ह्यांचा गुडघा, म्हणून हे घरीच. (गुडघ्यापेक्षा निराळंही एक कारण होतं, ते मला पुढे कळलं.)

खरं सांगते, मला त्या गावाची उत्सुकता नव्हती. उलट थोडा रागच होता. कारण हे गाव मोटरसायकलींचं. केटीएम ही कंपनी तिथली. नावातला शेवटचा 'एम' म्हणजे मॅटिगहोफेनच. आणि आमच्या घरात मोटरसायकल हा शब्द गेली चाळीस वर्षं कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

माझा पाठचा भाऊ १९८३ च्या जूनमध्ये गेला. बावीस वर्षांचा होता. कात्रजच्या उतारावर, पहिल्या पावसात. तेव्हा हेल्मेट कुणी घालत नसे. पंचनाम्यात एक वाक्य होतं, मागचं चाक जाम होऊन गाडी घसरली. ते वाक्य मला पाठ आहे. आईनं त्या दिवशी सांगितलं, या घरात पुन्हा दोन चाकांची मोटर येणार नाही. स्कूटर चालेल, असं नंतर कधीतरी ठरलं, कारण ह्यांची नोकरी आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात! चेतक घरात आली, तिला कुणी मोटर म्हटलं नाही. पण मोटरसायकल नाही म्हणजे नाही.

म्हणून लेकीनं फोनवर जेव्हा सांगितलं, "आई, इथे नेकेड बाइक बनवतात," तेव्हा मी घाबरले ती त्यातल्या बाइक शब्दाला. सासूबाई मात्र दुसऱ्या शब्दाला घाबरल्या. फोन स्पीकरवर होता. "काय नागडं बनवतात?" म्हणून त्यांनी विचारलं आणि दोन दिवस धुसफुसत होत्या. वय वर्षं एक्क्याण्णव. त्यांना समजावता समजावता मलाच त्या शब्दाचा अर्थ थोडाफार लागला होता, बाकीचा मॅटिगहोफेनला लागला.

गाव तसं छान आहे. मधोमध लांबट चौक, चौकाशी मोठं देऊळ म्हणजे चर्च, जुना राजवाडा. त्या वाड्यात आता नगरपालिकेची कचेरी भरते. हा सगळा प्रांत, इनफिर्टेल म्हणतात त्याला, १७७९ पर्यंत बव्हेरियात होता, मग तहात ऑस्ट्रियाकडे आला. पूर्वी इथे चामडी कमावण्याचा धंदा होता. आता कुठेही पाहा, नारिंगी. दुकानाच्या पाट्या नारिंगी, पोरांच्या टोप्या नारिंगी, कारखान्यातून सुटणाऱ्या माणसांचे शर्ट नारिंगी-काळे. आपल्याकडे आळंदीला जावं आणि जिकडेतिकडे भगवं दिसावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाव आणायला बेकरीत गेलो. बाहेर सात-आठ मोटरसायकली ओळीनं लावलेल्या. लहानखुऱ्या, टोकदार, नाकतोडा उडी मारण्याआधी बसतो तशा बसलेल्या. शाळकरी वयाची पोरंपोरी आत कॉफी पीत होती. धाकटी म्हणाली, "ही सगळी सोळा वर्षांची. ह्या १२५ सीसीच्या ड्यूक. इथे सोळाव्या वर्षी एवढ्याच ताकदीच्या गाडीचं लायसन मिळतं, पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत. आणि आई, ह्या कुठे बनल्यात सांग?"

"इथेच, दुसरं कुठे."

"चाकणला!"

मला खरं वाटेना. पण तसंच आहे. पुण्याच्या बजाज कंपनीनं २००७ साली ह्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के भागीदारी घेतली. त्यानंतर लहान ड्यूक चाकणला बनायला लागल्या. २०११ ला १२५ ची युरोपात आली, २०१२ च्या जानेवारीत २०० ची आपल्याकडे, २०१३ ला ३९० ची. २०२३ च्या जानेवारीपर्यंत चाकणहून दहा लाख गाड्या बाहेर पडल्या होत्या. मी निगडीला राहते. माझ्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर बनलेली गाडी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती ऑस्ट्रियातल्या बेकरीसमोर.

पाहिली म्हणजे बायकी नजरेनं पाहिली. एक मोठी ३९० उभी होती, तिच्या मागच्या चाकाकडे बघून म्हटलं, "हिला साडी-गार्ड कुठाय गं?"

"इथे कोण साडी नेसतंय! इथे पाठवतात त्यांना लावतच नाहीत. आणि दिसतं पण किती घाण. माझं तर मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं."

मी पावाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुझं? स्कूटरला कधीपासून असतं साडी-गार्ड?"

झालं. तिचा चेहरा मी सांगायला नको. दोन वर्षं झाली होती गाडी घेऊन. सेकंडहँड ३९०. मैत्रिणीच्या सोसायटीत लावत होती, घरून स्कूटरवर जायची, तिथे गाडी बदलायची. "आणि पैसे?" तर ती पावांकडे बघत म्हणाली, "बाबांना माहीत आहे."

म्हणजे गुडघा तो हा!

त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. ह्यांना फोन केला नाही. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ह्या बाई एकसष्ट वर्षांच्या, नवरा नाही. बावीस वर्षं त्यांनी कारखान्यात लाइनवर उभं राहून गाड्या जोडल्या आणि निवृत्त झाल्या. मला जर्मन येत नाही, त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच. पण स्वयंपाकघरात भाषा लागते कुठे? त्या जर्दाळूचे मोदक करत होत्या. मी मोदकच म्हणणार. बटाटा-मैद्याची पारी, आत बी काढलेला अख्खा जर्दाळू, बीच्या जागी साखरेचा खडा, वळायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा. त्यांच्याकडे जुलै म्हणजे जर्दाळूचा महिना. मी चार वळून दिले, त्यांना कळ्या पाडून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली आणि आपले तसेच गोल वळत राहिल्या. संध्याकाळी धाकटीला बघून त्यांना काय ते समजलंच असावं. त्या तिला काहीतरी म्हणाल्या. तिनं मला सांगितलं, "त्या म्हणतायत, उद्या आईला म्युझियममध्ये घेऊन जा, आधी बघू दे, मग रागवू दे."

हे म्युझियम २०१९ ला गावाच्या मध्यात बांधलं. गोलसर काचेची इमारत, कडेनं नारिंगी पट्टा. आत चढत्या वाटेवर एकामागून एक गाड्या, जुन्यातल्या जुन्यापासून. हान्स ट्रुंकेनपोल्ट्स नावाच्या माणसानं १९३४ साली इथे दुरुस्तीचं साधं दुकान काढलं. १९५३ ला एर्न्स्ट क्रोनराइफ पैसे घेऊन भागीदार झाला, आणि शंभर सीसीची पहिली मोटरसायकल बाजारात आली. दोघांच्या नावांची अक्षरं कंपनीला मिळाली. स्कूटरही केली त्यांनी, 'मिराबेल' नावाची. ती पाहून मला आमच्या चेतकची आठवण आली, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त थांबले. १९९१ ला कंपनीचं दिवाळं वाजलं, तुकडे होऊन विकली गेली, सायकलींचा धंदा वेगळा झाला आणि मोटरसायकलींचा पुन्हा नव्यानं उभा राहिला. ही दिवाळ्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी अजून बोलत नव्हते. पण धाकटीचा स्वभाव ह्यांच्यासारखा, यंत्र दिसलं की तोंड बंद राहत नाही. एका गाडीपाशी थांबून तिनं सुरुवात केली. आणि मैत्रिणींनो, मला ते नेकेड प्रकरण कळलं ते असं.

आपल्या लहानपणी सगळ्याच मोटरसायकली नेकेड होत्या. बुलेट, जावा, राजदूत, सगळ्यांचं इंजिन उघडं, टाकीखाली सरळ दिसायचं. वेगळं नाव द्यायची गरज नव्हती. पुढे वेग वाढला आणि वारा आडवा आला. वाऱ्याचं गणित असं की वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा धक्का चौपट होतो. ताशी साठला जो वारा छातीवर हात ठेवल्यासारखा वाटतो तो एकशेवीसला चार जणांनी ढकलल्यासारखा. म्हणून पुढे काच आणि बाजूला प्लॅस्टिकचे पत्रे लावून गाडी झाकायला लागले. त्याला फेअरिंग म्हणतात. १९७६ ला बीएमडब्ल्यूनं पूर्ण झाकलेली गाडी दुकानात आणली. १९८५ ला सुझुकीनं शर्यतीच्या गाडीसारखी ७५० सीसीची काढली, आणि मग तरुण पोरांना दुसरं काही नकोच. हँडल खाली, चालवणारा टाकीवर पालथा, मनगटं दुखेपर्यंत.

पण गाडी पडायची. प्लॅस्टिक फुटायचं आणि ते महाग. इंग्लंडमधल्या पोरांनी मग फुटकं प्लॅस्टिक काढूनच टाकलं, उंच रुंद हँडल बसवलं आणि तशाच फिरवायला लागले. त्यांच्या लक्षात आलं की शहरात, वळणाच्या रस्त्यावर हीच जास्त मजेची! १९९३ ला इटलीत बोलोन्याच्या डुकाटी कंपनीनं 'मॉन्स्टर' काढली. मिगेल गालुत्सी नावाच्या आरेखकानं कारखान्यात आधीच असलेले भाग एकत्र करून ती बसवली होती. एका गाडीची चेसिस, दुसरीचं इंजिन. उरलेल्या पिठाचं थालीपीठ म्हणा ना. ती इतकी खपली की कंपनी सावरली. आणि १९९४ ला ह्या मॅटिगहोफेनमध्ये पहिली ड्यूक आली. चिखलात उड्या मारणाऱ्या गाडीचं एका सिलिंडरचं इंजिन काढून रस्त्यावरच्या गाडीला बसवलं. साधारण पन्नास हॉर्सपॉवर. आम्ही गेलो ते ड्यूकचं तिसावं वर्ष होतं.

"पण उघडं ठेवण्यात विशेष काय?" मी विचारलं. म्हणजे बोलले मी शेवटी.

ती म्हणाली, "आई, आजीच्या चिंचवडच्या स्वयंपाकघरातली फळी आठव."

आठवली. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उघडी मांडणी होती. पितळी डबे उतरंडीनं, पेले पालथे, एकूण एक चिंचेनं घासलेलं. आता माझ्या घरात शटरची कपाटं आहेत. आत काय कोंबलंय ते माझं मला ठाऊक. उघड्या फळीवर काही कोंबता येत नाही. नेकेड गाडीचं तेच. झाकलेल्या गाडीत वायरी, नळ्या, पाण्याच्या टाकीचे पाइप प्लॅस्टिकखाली ढकलता येतात. उघड्या गाडीत प्रत्येक नळी कुठून जाणार हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. चेसिसच्या नळ्यांचे त्रिकोण दिसतात, जोडाचं वेल्डिंग दिसतं, म्हणून ते सुबक हवं. केटीएमच्या गाड्यांचं रूप साल्झबुर्गजवळच्या किस्का नावाच्या कंपनीनं घडवलं. ते टोकदार नाकतोड्याचं रूप त्यांचंच.

आणि नुसतं दिसण्याचं नाही. वाऱ्यामुळे अशा गाडीवर माणूस फार वेळ फार वेगानं जाऊच शकत नाही, मान दुखते. म्हणून इंजिनही निराळं बसवतात. शर्यतीच्या गाडीची ताकद अगदी वरच्या फेऱ्यांना, इंजिन किंचाळायला लागल्यावर मिळते. नेकेड गाडीची ताकद खालच्या आणि मधल्या फेऱ्यांना. आपण ज्याला पिकअप म्हणतो ते. एक्सलेटर जरा पिळला की गाडी निघाली. वजन कमी, हँडल रुंद, त्यामुळे वळवायला हलकी.

सगळ्यात वर एक गाडी होती, १३९० सुपर ड्यूक. तेव्हाची सगळ्यात नवी. १३५० सीसी, एकशेनव्वद हॉर्सपॉवर, पेट्रोल सोडून वजन दोनशे किलो. मी हिशेब केला. माहेरच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, तिच्यावर चार एकर ऊस भिजतो. अशा अडतीस मोटरी, एका माणसाच्या दोन मांड्यांमध्ये! आमची पहिली मारुती ८०० सदतीस हॉर्सपॉवरची होती, तीत पाच माणसं आणि कोल्हापूरच्या लग्नाचं सामान गेलं होतं. तिच्या पाचपट ही. मी म्हटलं, हा माज आहे. धाकटी म्हणाली, "आहेच. ती मी कधी घेणार नाही, घेऊच शकत नाही." ते मला पटलं आणि थोडं बरंही वाटलं. माझं आजही मत आहे की रस्त्यावरच्या माणसाला एवढ्या ताकदीचं काही काम नाही. पण ती गाडी सुंदर होती, हे नाकारलं तर खोटं बोलल्यासारखं होईल.

मग ती मला चाकापाशी घेऊन गेली. "हे बघ, ही दातेरी चकती." डिस्क ब्रेकच्या आत एक लहान चकती होती, भोकाभोकांची. शेजारी एक सेन्सर. चाक किती वेगानं फिरतंय ते तो सारखा मोजत असतो. माणूस घाबरून ब्रेक दाबतो, चाक थांबायला येतं पण गाडी पुढे जात असते. तिथेच घसरते. चाक जाम होणार असं दिसलं की एक झडप ब्रेकचा दाब सोडते, लगेच परत धरते, परत सोडते, सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरतं राहतं, पकड राहते. ह्याला एबीएस म्हणतात. मोटरसायकलवर ते १९८८ पासून आहे, बीएमडब्ल्यूनं आणलं. पण वळणावर, गाडी कललेली असताना, ते तितकं उपयोगी पडत नसे. २०१३ ला बॉश कंपनीनं गाडी किती कललीय तेही मोजणारी यंत्रणा काढली. ती जगात पहिल्यांदा बसली ती केटीएमच्याच एका गाडीवर. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तिच्या ३९० ला आहे.

ती सांगत होती आणि मी त्या चकतीकडे बघत होते. मागचं चाक जाम होऊन गाडी घसरली. त्या वाक्यातलं 'जाम' म्हणजे नेमकं काय, हे मला एक्केचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. मला वाटायचं गाडीत काहीतरी तुटलं असेल, किंवा तो वेड्यासारखा चालवत असेल. आई तसंच म्हणायची, वेड्यासारखा चालवायचा. धाकटी म्हणाली, "नाही गं. मामानं फक्त ब्रेक दाबला असेल. ओल्या रस्त्यावर जोरात. कुणीही दाबेल. तूही दाबला असतास."

मला तिथल्या बाकावर बसावं लागलं. तिनं पाणी आणून दिलं. राग गेला असं नाही. चोरून दोन वर्षं म्हणजे काही थोडं नाही. तेही मी तिला तिथेच सांगितलं, चार ऑस्ट्रियन माणसं बघत होती तरी.

आता पुढचं ऐकून तुम्ही मला हसाल. घरमालकीणबाईंची स्वतःची गाडी होती. ७९० ची ड्यूक, दोन सिलिंडरची, एकशेपाच हॉर्सपॉवर. सायकलींशेजारी कापड टाकून ठेवलेली, मला दोन दिवस ती वॉशिंग मशीन वाटत होती! रविवारी सकाळी त्या जाड जाकीट घालून, पाठीला कासवासारखं कवच बांधून तयार, आणि माझ्यासाठी दुसरं जाकीट, हातमोजे, हेल्मेट मांडून ठेवलेलं. "मात्झे," त्या म्हणाल्या. मात्झे हे जवळचं तळं, मॅटिग नदी त्या बाजूच्या तळ्यांतूनच येते. मी नको नको म्हणत होते. धाकटी एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीखाली बांधला, मी तिची शाळेत जाताना टोपी बांधायची तसा.

मागची सीट म्हणजे पाट असतो त्याच्या निम्मी. धरायला त्या बाईंची कंबर. गाव संपेपर्यंत मी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होते. मग मक्याची शेतं आली आणि बाईंनी गाडी जरा सोडली. तिथे गावाबाहेर शंभरची मर्यादा आहे, त्या ऐंशीच्या वर गेल्या नसतील. पण ऐंशी म्हणजे काय ते मोटारीत बसून कळत नाही. वारा गळ्यापाशी शिरला. कापलेल्या गवताचा वास आला, मग एकदम शेणाचा, मग झाडीतला गार. मोटारीत हे काही येत नाही, एसीचा वास येतो. वळणावर गाडी कलली आणि जमीन डावीकडून वर आली. मी ओरडले. बाईंनी डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुढच्या वळणावर जरा कमी कलल्या.

भावाच्या मागे मी एकदाच बसले होते. १९८२ ची दिवाळी, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. पदर कमरेला खोचून, दोन्ही पाय एका बाजूला. तो सारखा मागे वळून विचारत होता, "ताई, घाबरलीस?" मी म्हणत होते, "पुढे बघ, पुढे बघ." आणि हसत होते. इतकी वर्षं मला त्याचा शेवटचा दिवस आठवायचा. त्या दिवाळीचा दिवस मी आठवतच नव्हते. तळं येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत रडत होते. आत रडलं की काच धुकटते आणि नाक पुसता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

बाईंनी मला काही विचारलं नाही. तळ्याकाठी आइस्क्रीम घेऊन दिलं. तोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की नवरा गेल्यावर त्यांनी लायसन काढलं, चोपन्नाव्या वर्षी. मुलानं वर्षभर अबोला धरला होता. "आता?" मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "आता तो हवेची टायरं बघून देतो."

मी ऑगस्टमध्ये परत आले, धाकटी दिवाळीला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी आली की केटीएमचं दिवाळं वाजलं. दुसऱ्यांदा. गाड्या बनवल्या जास्त, खपल्या कमी, न विकलेल्या गाड्यांचे ढीग साठले आणि कर्ज डोक्यावरून गेलं. डिसेंबरमध्ये मॅटिगहोफेनची लाइन थांबली. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत शंभरातले तीस घेऊन तडजोड मान्य केली. ते पैसे उभे करायला पुढे आली ती आपली पुण्याची बजाज कंपनी, आणि २०२५ संपायच्या आत केटीएमची सूत्रं तिच्या हातात आली. आमच्या ह्यांना केवढा अभिमान! आकुर्डीच्या ज्या कारखान्यात ह्यांनी स्कूटरी जोडल्या, तिथल्या लाइन २००७ लाच थांबल्या होत्या. तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटल्यासारखी वाटली नव्हती. म्हणून मी ह्यांना म्हटलं, अभिमान ठीक आहे, पण त्या बेकरीसमोरच्या पोरांच्या आईबापांपैकी किती जण घरी बसले असतील ते मला सांगा. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे." घरमालकीणबाईंना मी धाकटीकडून निरोप पाठवला होता. त्यांचा फोटो आला, जर्दाळूच्या मोदकांचा. एकाला कळ्या होत्या.

धाकटीची गाडी आता आमच्याच इमारतीखाली असते. परवानगी दिली असं मी म्हणत नाही, चोरी बंद केली एवढंच. अटी घातल्या. पूर्ण हेल्मेट, जाकीट, हातमोजे, चाकणपर्यंत जायचं तरी. पहिल्या पावसात दोन दिवस गाडी काढायची नाही, रस्त्यावरचं तेल धुऊन जाऊ दे. सासूबाई गॅलरीतून बघतात आणि अजून 'ती नागडी' म्हणतात.

आणि शेवटची अट. साडी-गार्ड परत बसवायचं. ती म्हणाली, "आई, प्लीज, सगळे हसतील. आणि तू पंजाबी ड्रेस घालून बस ना." मी म्हटलं, आपल्याकडे मागचं चाक झाकायचा कायदाच आहे, तू काढलंस हेच चूक. शिवाय सिंहगडाला जायचंय ते दिवाळीत, आणि दिवाळीत मी साडीच नेसणार. तिनं कपाळाला हात लावला. काढलेलं गार्ड मैत्रिणीच्या सोसायटीत जिन्याखाली पडलं होतं, गंजून. शनिवारी ह्यांनी ते घासून, काळा रंग देऊन बाल्कनीत वाळत घातलंय. दोन नट मिळत नाहीयेत, ते आणायला आज ती भोसरीला गेलीय.